सब्र कुणाच्या वाट्याला?

आपल्या समाजात सुखी संसाराचा दाखला देण्याची एक सोपी रीत आहे. घरातून भांडणाचा आवाज बाहेर येत नाही, सून माहेरी जाऊन रडत नाही, जमातीपर्यंत काही आलेले नाही. झाले, घर सुखी. "बहू बडी साबिर है," असे सासू चार बायकांत सांगते आणि ऐकणाऱ्या चौघी माना डोलावतात. मुलगा साबिर आहे असे कुणी कौतुकाने सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही. त्याच्याबद्दल "कमाता है, पीता नहीं, हात नहीं उठाता" एवढे पुरते. म्हणजे तिने सोसले म्हणून तिची तारीफ आणि त्याने गुन्हा केला नाही म्हणून त्याची तारीफ. एकाच घरात दोन वजनमापे ठेवून आपण तोलतो आणि वर म्हणतो, अल्हमदुलिल्लाह, सगळे बरोबर आहे.

माझे म्हणणे असे की नवरा-बायकोचे सुख पगारावर किंवा घरातल्या खोल्यांवर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ते एका समजुतीवर अवलंबून असते. मला जे मिळते ते रास्त आहे का, आणि माझ्याकडून जे घेतले जाते ते रास्त आहे का, याविषयी दोघांच्या मनात काय ठसले आहे, ही ती समजूत. ती कुणी जन्मताना घेऊन येत नाही. ती शिकवली जाते, आणि आपल्या घरांत मुलाला एक शिकवली जाते, मुलीला दुसरी. मुलाला हक्काचे शिक्षण मिळते, मुलीला सब्रचे. मग लग्नानंतर दोघांना एकाच छताखाली ठेवून आपण मोहब्बतीची अपेक्षा करतो!

मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या समजुतीचा एक पैलू फार नेमका पकडला. त्याचे या विषयावरचे पुस्तक १९८० साली आले. जग न्यायाने चालते, ज्याला जे मिळते ते त्याच्या लायकीचेच असते, असे मानण्याची माणसाला गरज असते, असे तो सांगतो. त्यामुळे कुणावर अन्याय झालेला दिसला की आपण अन्याय करणाऱ्याकडे न बघता सोसणाऱ्यातच खोट शोधू लागतो. आपल्या मोहल्ल्याला हे सांगायला लर्नरची गरज नव्हती. कुणाची लेक तलाक घेऊन परत आली की पहिले वाक्य ठरलेले असते : "कुछ तो किया होगा उसने." जबान चालवली असेल, सासूची खिदमत केली नसेल, नाहीतर मोबाईलवर बोलत असेल. आणि काहीच सापडले नाही तर नसीब आहेच.

जग आपल्याशी न्यायाने वागते असे मानणारी माणसे जास्त समाधानी असतात, असेही पुढच्या अभ्यासकांना आढळले. त्यात तथ्य आहे. आपला जोडीदार आपल्याला फसवणार नाही, आज आपण नमते घेतले तर उद्या तो घेईल, असा भरवसा असला की माणूस सहज माघार घेतो, छोट्या गोष्टी सोडून देतो, आणि संसार हलका होतो. पण हा भरवसा दोघांकडे असावा लागतो आणि त्याला रोजच्या अनुभवाचा आधार असावा लागतो. नुसती एकटी बायको "अल्लाह सब देख रहा है" म्हणत राहिली आणि नवरा "देख रहा है तो देखने दो" अशा थाटात जगत राहिला, तर तिचा तो भरवसा अफूसारखा होतो. दुखणे जाणवत नाही म्हणून ते बरे झाले असे होत नाही. पुढे दहा-पंधरा वर्षांनी ते बाहेर येते. कुणाच्या डोकेदुखीतून, कुणाच्या मुलांवरच्या संतापातून. सुनेवरच्या सूडातून तर फारच सर्रास. जिला तरुणपणी न्याय मिळाला नाही तिला सून आल्यावर सत्ता मिळते, आणि ती म्हणते, आम्ही नाही का सोसले?

इलेन हॅटफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत जोडप्यांच्या नात्यातल्या देण्याघेण्याचा अभ्यास केला. आपल्याला रास्त वाटा मिळतो असे ज्यांना वाटते ते सर्वांत समाधानी. कमी मिळते असे वाटणारे रागावलेले. आणि आपल्याला वाजवीपेक्षा जास्त मिळते असे वाटणारेही अस्वस्थ असतात, त्यांना अपराधी वाटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा तिसरा गट मला आपल्याकडे शोधूनही सापडत नाही. कारण उघड आहे. अपराधी वाटायला आधी जास्त मिळते आहे हे कळावे लागते. गरम रोटी ताटात येऊन पडते, धुतलेला कुर्ता जुम्म्याला खुंटीवर तयार असतो, आईचे औषधपाणी कुणीतरी परस्पर करते. हे सारे ज्याला सूर्योदयासारखे वाटते, त्याला त्यात कुणाचे देणे लागतो असे कसे वाटावे?

हे फक्त मुसलमानांचे दुखणे आहे असे कुणी समजू नये. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी शंभरात ८१ जणी बिनपगारी घरकाम करतात, पुरुषांत शंभरात २६. जे करतात त्यांत बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७. या आकड्यांत सगळ्या धर्मांची घरे आली. तेव्हा देशपांड्यांच्या स्वयंपाकघरातही हेच चालले आहे, हे मान्य. पण देशपांडे आपल्या मुलीला हे कुरआनचा हवाला देऊन शिकवत नाहीत. आपण देतो, म्हणून हवाला तपासण्याची जबाबदारी आपली.

औरतोंच्या इज्तेमात बयान ऐका. सूरह बकरातल्या २२८ व्या आयतीचा शेवट, पुरुषांना एक दर्जा वर आहे, हा दर वेळी ऐकू येतो. त्याच आयतीत त्याच्या लगेच आधी, स्त्रियांवर जशी कर्तव्ये आहेत तसेच रास्त रीतीने त्यांचे हक्कही आहेत, हे जे आले आहे ते बहुधा वेळेअभावी राहून जाते. सूरह नहलच्या ९० व्या आयतीत अल्लाहने आधी अद्ल म्हणजे न्यायाचा आदेश दिला आहे आणि मग एहसानचा, म्हणजे देणे आहे त्याहून जास्त भलाईचा. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी ज्याचे त्याला द्यायचे, वर उदारपणा करायचा. आपण या दोन शब्दांची नवरा-बायकोत वाटणी करून टाकली. अद्ल त्याने मागायचा, एहसान तिने करायचा.

हजरत फातिमा (र.) यांची हकीकत तर प्रत्येक बयानात येते. जाते ओढून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. कामाला माणूस मिळावे म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. प्रेषितांनी (स.) माणूस दिले नाही, रात्री घरी येऊन झोपण्यापूर्वीची तस्बीह शिकवली. "देखो बहनो, नौकर नहीं मिला, तस्बीह मिली!" इथे बयान थांबते आणि बहनो डोळे पुसतात. पण हकीकत पुरती वाचा की. फातिमा घट्टे लपवत बसल्या नाहीत. त्या तक्रार घेऊन गेल्या, आणि त्यांना बेसब्र म्हणून कुणी झिडकारले नाही. तस्बीह शिकवली ती दोघांना, हजरत अलींना (र.) आणि त्यांना, एकत्र बसवून. मुस्लीम नवऱ्यांपैकी किती जण ती तस्बीह आपल्यासाठीही आहे असे समजून पढतात? आणि प्रेषित (स.) घरात काय करत असत, असे हजरत आयेशा (र.) यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. बुखारीतली ही हदीस आहे. दाढीची लांबी आणि पायजम्याची उंची सुन्नत म्हणून मोजणाऱ्यांना घरातले काम ही सुन्नत कशी दिसत नाही, हे मी अनेकांना विचारले आहे. उत्तरादाखल हसू मिळते. पत्नीवर स्वयंपाक-धुण्याचे कायदेशीर बंधन आहे की नाही यावर खुद्द फकीहांत मतभेद आहेत. शाफई मजहबात तर ते बंधन मानलेलेच नाही. आपले कोकणी बांधव शाफई आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात या मतभेदाची वार्ता अजून पोहोचलेली नाही.

कोकणाचा विषय निघाला म्हणून आखातातल्या नवऱ्यांबद्दल. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून दोन-दोन, तीन-तीन पिढ्या माणसे कुवेत, दुबई, सौदीला गेली. त्यांच्या घामातून गावोगाव घरे उभी राहिली, मशिदी-मदरसे उभे राहिले. त्यांच्या कष्टाला मी कमी लेखत नाही. छावणीवजा खोलीत दहा जणांत राहून पैसा पाठवणाऱ्या माणसाला विचारा, तो म्हणेल, मी कुणासाठी करतो हे सगळे? आणि गावात सासू-सासऱ्यांची दुखणी, मुलांच्या शाळा, बांधकामाचे गवंडी, जमिनीचे वाद एकटीने सांभाळणाऱ्या बाईला विचारा, तीही तेच म्हणेल. दोघांनाही वाटते आपण जास्त दिले. दोघांचेही खरे आहे. मात्र त्याचे देणे दर महिन्याला बँकेच्या कागदावर उमटते, तिचे कुठेच उमटत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तो महिनाभर येतो तेव्हा तिच्याकडून खर्चाचा हिशेब मागितला जातो, तिच्या वर्षांचा हिशेब द्यायचे कुणाच्या मनातही येत नाही. हजरत उमर (र.) यांनी, नवऱ्याविना बाई किती काळ राहू शकते हे आपल्या लेकीला, हजरत हफ्सा (र.) यांना, विचारून सैनिकांच्या मोहिमेला मुदत घातली, अशी रिवायत आहे, कुठे चार महिने सांगतात, कुठे सहा. मुदत किती यापेक्षा खलिफाने ती बाईला विचारून ठरवली, हे मला मोठे वाटते.

आता मेहर. या एका शब्दात आपला सगळा न्याय-अन्याय गोळा होऊन बसला आहे. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत मेहर खुशीने देण्याचा आदेश आहे, आणि बाईने स्वतःच्या खुशीने त्यातले काही सोडले तरच ते घेण्याची मुभा. आपण काय केले? हॉलचे भाडे, बिर्याणी, दुल्ह्याची मोटरसायकल, मुलीकडचे फर्निचर यांचा आकडा लाखांत जातो आणि मेहर ७८६ रुपये. बरकतीचा आकडा म्हणे! मेहर-ए-फातिमीचे नाव तोंडाने घ्यायचे, पण ते सुमारे १३१ तोळे म्हणजे दीड किलो चांदीच्या घरात जाते आणि आजच्या भावाने लाखाच्या पुढे, हे कळले की काझीसाहेबांच्या कानाशी कुजबुज सुरू होते. जो ठरला तोही उधार. आणि ती उधारी फिटते कधी? घरात मय्यत असते, जनाजा उठायचा असतो, आणि कुणीतरी वडीलधारी बाई बेवेच्या कानाशी वाकून म्हणते, "मेहर माफ कर दे बेटी, उसपर बोझ मत रख." आयुष्यभर ज्याने दिला नाही त्याच्या प्रेताशेजारी बसवून तिच्याकडून माफी घ्यायची. ती रडत रडत मान हलवते. ही खुशी? फिकहप्रमाणे न दिलेला मेहर हे मयताच्या मालमत्तेवरचे कर्ज आहे, वारसांत वाटणी होण्याआधी फेडायचे. दुकानदाराची उधारी आपण माफ करायला सांगत नाही. तिथे मुलगा हात जोडून उभा राहतो, "अब्बांचे काही देणे असेल तर सांगा."

इथे एक आक्षेप येतो, आणि तो नेहमी भल्या माणसांकडून येतो. संसारात हिशेब आला की मोहब्बत गेली, असे ते म्हणतात. ऐकायला गोड आहे. पण हिशेब नको म्हणणारा बहुधा तोच असतो ज्याच्याकडे बाकी निघणार असते. शिवाय हिशेब म्हणजे आज तू दोन भांडी घासलीस, उद्या मी दोन, असला पोरखेळ मला अभिप्रेत नाही. मेहरुन्निसा दलवाईंच्या आत्मकथेचे नाव 'मी भरून पावले आहे'. पावतीवर लिहायचे शब्द आहेत हे. हमीद दलवाई चळवळीत होते, १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लीम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी काढला, त्यांत मेहरुन्निसाबाई होत्या. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. या काळात नोकरी करून घर चालवले ते बाईंनी. नेहमीच्या तराजूत घातले तर हा सौदा त्यांच्या तोट्याचाच. दलवाईंचे सगळे विचार मला पटतात असे नाही, पण या नावाशी मी थबकते. आपल्याला काय मिळाले याचे माप बाईंनी स्वतःचे वापरले, सासरचे किंवा मोहल्ल्याचे नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. कमी मिळूनही भरून पावल्यासारखे वाटू शकते, जर काय हवे हे तुम्ही ठरवले असेल. आपल्या मुलींना माप हातात घ्यायलाच कुणी शिकवत नाही. त्या समाधानी आहेत असे आपण परस्पर जाहीर करून टाकतो.

आणि आपण लेखक मंडळीही काही कमी नाही. औरतच्या दुःखावर नज्म लिहिणाऱ्या शायराच्या घरी रात्रीची बैठक जमते, वाहवा होते, आणि पडद्यामागून बाराव्यांदा चहाचा ट्रे येतो. आणणाऱ्या हाताची ओळख कुणाला करून देत नाहीत.

घरचे धुणे चौकात कशाला, असे काही वाचक म्हणतील. भीती खोटी नाही. आपल्या बायकांचे अश्रू आपल्याविरुद्ध वापरायला टपलेले लोक आहेत, आणि त्यांना त्या बायकांचे सोयरसुतक नाही, हे मलाही दिसते. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ मध्ये संसदेने तो गुन्हा केला आणि तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली. नवरा कोठडीत गेला तर खर्ची कोण देणार, हा प्रश्न तेव्हा बायकांनीच विचारला होता. पण कायद्याच्या भीतीने आता काही नवरे तलाकच देत नाहीत, नुसते सोडून देतात. ना संसार, ना सुटका. सूरह निसाच्या १२९ व्या आयतीत बायकोला अशी अधांतरी लटकवून ठेवू नका असे स्पष्ट बजावले आहे. ही आयत आपल्याला कुणा सरकारने पाठवलेली नाही, मग ती बोलून दाखवायला भीती कुणाची?

बाईला आपले सुख हा संसार मोडण्याचा पुरेसा आधार असू शकतो का, हा प्रश्न विचारला की लोक दचकतात. मदिन्यात दचकले नव्हते. साबित बिन कैस (र.) यांच्या पत्नी प्रेषितांकडे (स.) आल्या आणि म्हणाल्या की नवऱ्याच्या दीनमध्ये किंवा वागण्यात मला खोट काढायची नाही, पण त्यांच्यासोबत माझ्याने राहवत नाही. त्याने दिलेली बाग परत करशील का, एवढेच विचारले गेले. ती हो म्हणाली, प्रकरण संपले. बरीरा (र.) गुलामीतून मुक्त झाली आणि तिने नवऱ्याला, मुगीसला सोडले. तो मदिन्याच्या गल्ल्यांतून तिच्यामागे रडत फिरे. प्रेषितांनी (स.) तिला त्याच्याकडे परत जाण्याबद्दल सुचवले. तिने विचारले, हा हुकूम आहे की शिफारस? शिफारस आहे म्हटल्यावर तिने नकार दिला, आणि तो नकार मानला गेला. आज एखाद्या बरीराने जमातीच्या सदरांसमोर असा प्रश्न विचारून पाहावा!

आणि हे फक्त त्या काळापुरते नाही. मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' आपल्याकडे दुल्हनच्या पेटीत ठेवतात, तिने आज्ञाधारक व्हावे म्हणून. त्याच थानवींनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दुसरे एक पुस्तक तयार केले, 'अल हीलतुन नाजिजा'. हनफी मतात निकाह तोडायचा रस्ता सापडत नाही म्हणून पंजाबातल्या बायका इस्लामच सोडू लागल्या होत्या. तेव्हा या कट्टर हनफी आलिमाने मालिकी मताचा आधार घेऊन त्यांना वाट काढून दिली. त्यातून पुढे १९३९ चा मुस्लीम विवाहविच्छेद कायदा आला. एकाहून अधिक बायका असलेला नवरा कुरआनच्या आदेशाप्रमाणे समन्यायाने वागत नसेल तर बायकोला निकाह तोडता येतो, असे त्यात लिहिले आहे. पेटीत पहिले पुस्तक ठेवतो, दुसरे का ठेवत नाही?

समजुती बदलायला पिढ्या लागतात हे मला मान्य आहे. मुलाच्या हातात झाडू द्यायला त्याच्या आईलाच जड जाते, बापाची गोष्ट दूर. पण एक ठिकाण असे आहे जिथे काम आजच होऊ शकते. निकाहच्या आधी वकील आणि दोन गवाह मुलीच्या खोलीत जातात, मेहर सांगून कबुली विचारतात, ती मान खाली घालून हूं म्हणते आणि मंडळी बाहेर येतात. दोन मिनिटांचे काम. ज्या अटींवर निकाह झाला त्या पाळल्या जाण्याचा हक्क सगळ्या अटींहून मोठा, असे हदीसमध्ये आले आहे. बऱ्याच छापील निकाहनाम्यांत अटींसाठी जागा असते. २००५ मध्ये पर्सनल लॉ बोर्डाने नमुन्याचा निकाहनामा काढला, भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने आपला वेगळा काढला. त्यांत काय कमी, काय जास्त यावर वाद घालायला आपल्याकडे भरपूर पुरुष आहेत. त्या जागेवर मात्र बहुतेक काझीसाहेब आडवी रेघ मारतात. नोकरी चालू ठेवायची आहे, वेगळे राहायचे आहे, दुसरी बायको केली तर तलाकचा अधिकार मला असेल, मेहर आजच रोख हवा, नवरा परदेशी गेला तर मी सोबत जाईन; यातले काहीही तिला हवे असेल. कदाचित काहीच नको असेल. पण गवाहांनी खोलीतून उठण्यापूर्वी तिला विचारायला हवे, आणि ती काय म्हणते ते ऐकायला दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायला हवे, बाहेर बिर्याणी थंड होत असली तरी.